बंद खिडकीचे ऐंशी ग्रॅम

लोहारा, यवतमाळ
१२ जून २०२५

निशिगंधा,

वर 'चिरंजीव' लिहावं की 'डॉक्टर', यात अर्धा तास गेला, म्हणून नुसतं नाव लिहिलं. आशीर्वाद लिहिणार होतो, पण माझ्या आशीर्वादाचा तुला किती उपयोग झाला ते दोघांनाही ठाऊक आहे. तेव्हा नमस्कारच घे. मी तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा आहे हे तेवढ्यापुरतं विसर.

पंधरा महिन्यांनी लिहितो आहे. फोन केला असता, पण तू तो उचलणार नाहीस, आणि उचललास तर माझीच पंचाईत. पत्र बरं. पत्रात खोडता येतं. पुण्याचा पत्ता पूनमसिंगने दिला. तुझ्यासोबत इथे कोळशाचे दाणे भाजणारा पूनमसिंग आता पुसदच्या कॉलेजात शिकवतो आणि उन्हाळ्यातही कोट घालतो. परवा कोटासकट माझ्या वर्कशॉपमध्ये आला होता. चहा घेतला, कोट काढला नाही.

त्याच्याकडूनच कळलं. परदेशातल्या दोन ठिकाणी लोकांनी तुझ्या लेखात वाचून तुझे दाणे जसेच्या तसे बनवले. तू लिहिलं होतंस की ताज्या दाण्यांचा एक किलो साध्या हवेतून ऐंशी ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतो. त्यांना पन्नासच मिळाले. आता तुला पैसे देणाऱ्या संस्थेने समिती नेमली आहे आणि समितीला विचारायचं आहे की ऐंशीचा आकडा खरोखर आला होता की तू बसवला. सप्टेंबरअखेर तुला उत्तर द्यायचं आहे.

हे ऐकून मला जेवण गेलं नाही. ती पोरगी आकडा बसवेल? जिने एकशे चाळीस प्रकारचे दाणे बनवले आणि त्यातले एकशे एकतीस का बिघडले ते आधी लिहून ठेवलं, ती? मी पूनमसिंगला म्हटलं, समितीला इकडे घेऊन ये, मी सांगतो निशिगंधा भगत काय चीज आहे ते. तो म्हणाला, समिती असं ऐकत नसते.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. नेरच्या बसमधून उतरून सरळ माझ्या दारात, हातात नकाशा, आणि म्हणे स्टीलचा एक उभा नळ पाहिजे. कशाला, तर हवेतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायला. मी चाळीस वर्षं जिनिंगची यंत्रं दुरुस्त केली आहेत, सरकीतून कापूस वेगळा काढणं मला कळतं. म्हणून विचारलं, हवेत तो असतो किती? तू म्हणालीस, दहा हजार भागांत चार. मी हसलो. तू हसली नाहीस. म्हणालीस, "म्हणूनच तं दाणा चांगला लागते, काका. चार भागांसाठीच भुकेला पाहिजे, बाकीच्याले त्यानं हातही नाही लावला पाहिजे." त्या दिवशी मी आपली अर्धी शेड तुला दिली आणि भाडं सांगायचं विसरलो.

तुझा नळ अजून उभा आहे. पुसून ठेवतो. तुझ्या ऐंशीबद्दल मला काही सांगायचं आहे असं नाही. सहज लिहिलं. लीलाबाई विचारते की पुण्यात कुरोड्या मिळतात का, नसतील तर पाठवते.

नानाजी भोयर


लोहारा
३० जून २०२५

निशिगंधा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमनकडे पाहत होतो. लीलाबाई म्हणते, पोरीचं बरोबर आहे. ही बाई माझ्याशी लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्याच बाजूने आहे, आणि तुझ्या बाबतीत तर तिची तक्रारच नाही. तिचा कुरोड्यांचा सोऱ्या तू नेलास तेव्हासुद्धा ती काही बोलली नव्हती.

ती गोष्ट मी अजून लोकांना सांगतो. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा कोळसा करायचा, तो वाफेवर भाजायचा म्हणजे त्याला आतून बारीक छिद्रं पडतात, मग त्यावर त्या अमाइनचा लेप द्यायचा. मासळीसारखा वास मारणारं ते औषध, ज्याने आपल्या दोघांच्या कपड्यांचा सत्यानाश केला. सगळं जमायचं, फक्त दाण्यांचा भुगा व्हायचा. सहा महिने भुगा. मोठ्या मोठ्या कारखान्यांची बांधायची रसायनं आणलीस, भुगाच. एके दिवशी जेवायला घरी आलीस तर लीलाबाई गव्हाचा चीक शिजवत होती. तू ताट तसंच ठेवून उठलीस, बोट चिकात बुडवलंस आणि तो सुकेपर्यंत बोटाकडे पाहत बसलीस. लीलाबाईला वाटलं पोरीला भाजलं. दुसऱ्या दिवशी कोळशात चीक कालवून सोऱ्यातून दाणे पाडले, भाजले, आणि ते दगडासारखे टणक निघाले. माझ्या हाताखालून किती इंजिनियर गेले. जेवणाच्या ताटावरून असं कोणी उठलं नाही.

आणि तुझी ती चहाची रीत. संध्याकाळी चहा व्हायच्या आधी प्रत्येकाने दिवसभरातली आपली एक चूक सांगायची, मगच कप हातात. पहिले आठ दिवस मला राग आला. साठीतल्या माणसाने रोज चूक सांगायची म्हणजे काय? मग सवय झाली. पाना चुकीचा लावला, नट जास्त आवळला, पाणी भरायला विसरलो. तू सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठी चूक स्वतःची सांगायचीस. चार वर्षं मी तिथे बसून चुका सांगितल्या आणि चहा प्यायला.

एक राहिली. तीच आज लिहितो.

२०२२ ची नवमी. तू आईला घेऊन दीक्षाभूमीला निघाली होतीस, दरवर्षी जातेस तशी. नवे दाणे नळात भरले होते, यंत्र आपोआप चालणार होतं आणि आकडे कॉम्प्युटर लिहिणार होता. निघताना तू म्हणालीस, "काका, दोन दिवस शेडीत कोणी जाऊ नका. यंदा मशीनची पूजा बाहेरच करा." मी हो म्हणालो. खांडेनवमीला यंत्राची पूजा केली नाही असं माझ्या आयुष्यात झालं नाही, आणि त्या वर्षी शेडमधलं सगळ्यात मोठं यंत्र तुझं होतं. माझ्याने राहवलं नाही. मी आत गेलो. एकटाच गेलो. नारळ फोडला, दिवा लावला, दोन मिनिटांत बाहेर आलो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तू मला हेच विचारलं होतंस. ऐंशी फक्त एकदाच, त्या नवमीला आले. त्यानंतर तेच दाणे पन्नासवर उतरले आणि तू लेखात लिहिलंस की दाणे पहिल्यांदाच जास्त धरतात, मग थकतात. पुढे नवे दाणे बनवलेस तेही पन्नासच धरू लागले, तेव्हा तुला शंका आली. तू समोर उभी राहून म्हणालीस, "खरं सांगा काका, त्या दिवशी शेडीत कोणी गेलतं का?" आणि मी काय बोललो ते तुला आठवत असेलच. "तू मायावर संशय घेऊन राह्यली का? तुयाच कामावर तुले भरवसा नाही, अन् माया अंगावर कायले येतं?" बाजूच्या लेथवरचा उकंडा काम थांबवून पाहत होता. तू तीन दिवसांत सामान बांधून गेलीस.

तर असं आहे. दोन मिनिटांचा दिवा. समितीला कळवायचं असेल तर कळव.

नानाजी


लोहारा
१४ जुलै २०२५

निशिगंधा,

तुझं पत्र काल आलं. दीड पान. मी ते तीनदा वाचलं, मग उकंड्याला वाचायला दिलं, कारण मला वाटलं माझेच डोळे काही भलतं वाचत आहेत.

तू लिहिलंस, "काका, दोन मिनिटांच्या दिव्याने ऐंशी होत नाही. आपल्याकडे एकच मीटर होता आणि तो दाणे तापवल्यावर सुटलेला वायू मोजायला लावलेला होता. आत येणारी हवा बाहेरची साधी हवा आहे असं मी धरलं होतं. पण दाण्यांनी ऐंशी धरले तर आत येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट जास्त असला पाहिजे. शेडची लांबी, रुंदी, उंची मला पाठ आहे, पत्र्याला कुठे फट आहे तेही. माझ्या हिशेबाने त्या दिवशी खिडकी बंद होती, नळी आत ओढलेली होती आणि दीड तास साधारण तीस माणसं आत बसली होती. बरोबर?"

पोरी, तू त्या दिवशी नागपुरात होतीस. आज पुण्यात आहेस. आणि तिथे बसून तू माझी माणसं मोजलीस.

आता सगळं लिहितो. खोडाखोड दिसली तरी वाच.

मी एकटा नव्हतो. सगळी लाइन, म्हणजे आमच्या रांगेतली सगळी वर्कशॉपं, आली होती. उकंडा, त्याचे दोघे, वेल्डिंगवाले, पलीकडच्या दालमिलचे हमाल, सगळे. तुझं यंत्र पाहायची सगळ्यांना हौस होती, आणि मीही जरा छाती काढून दाखवत होतो, जसं काही मीच शोधून काढलं. आरतीला सुरुवात केली तर खिडकीतून वारा यायचा आणि दिवा विझायचा. तीनदा विझला. पूजेत दिवा विझणं बरं नाही म्हणून मी खिडकी लावायला गेलो. खिडकीतून तुझ्या यंत्राची हवेची नळी बाहेर सोडलेली होती, ती असताना पल्ला बसेना. मी नळी आत ओढली, तिचं तोंड यंत्राच्या पाटावर हाराशेजारी ठेवलं आणि कडी घातली. मग आरती झाली, गप्पा झाल्या, प्रसाद झाला, धूप होता, कापूर होता. दीड तास म्हणजे दीडच तास. सगळे गेल्यावर नळी होती तशी बाहेर सोडली. हार काढला. फुलाची पाकळीसुद्धा राहू दिली नाही.

आता जे लिहितो त्याला हसशील तर हस. तू दसऱ्याला परत आलीस, ऐंशीचा आकडा पाहिलास आणि खाली फरशीवर बसून आईला फोन लावून रडलीस, तेव्हा मी मनात म्हटलं, पूजा पावली. खरंच तसं वाटलं. तुला सांगावं तर तू मोडीत काढशील म्हणून बोललो नाही. त्या वेळी मी खोटं बोललो नव्हतो, फक्त खुळा होतो. आकडा पूजेनेच आला होता, हेही खरंच निघालं. देवाऐवजी आमच्या श्वासाने आला एवढाच फरक.

खोटं मार्चमधलं. तू विचारताना समजावून सांगत होतीस की बंद खोलीत माणसं बसली तर हवा किती बदलते, आणि तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मला सगळं समजलं. लेख छापून झाला होता. तुझं नाव झालं होतं. माझ्या तोंडातून ओरडणं आलं. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी दहा वाक्यं बोललो आणि तुला घालवून दिलं. त्या रागाची मला लाज वाटते, निशिगंधा. पंधरा महिने वाटते आहे. मागच्या पत्रातसुद्धा मी अर्धंच सांगितलं, आणि तेही तुला आकड्यावरून कळलं. तुझ्यासमोर लपवायची सोय नाही हे मला फार आधी कळायला पाहिजे होतं.

हे पत्र समितीला दे. पाहिजे तर स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

एक दुरुस्ती मात्र आहे. माणसं चोवीस होती, तीस नाही. मी एकेकाचं नाव लिहून मोजली आहेत, यादी जोडली आहे. तुझा हिशेब सहाने चुकला. जन्मात एकदा मला तुझी चूक काढायला मिळाली आहे, तेवढी मला राहू दे.

नानाजी


लोहारा
९ सप्टेंबर २०२५

निशिगंधा,

शनिवारी तू आलीस आणि परवा संध्याकाळच्या गाडीने गेलीससुद्धा. एवढ्या गर्दीत बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

जुलैअखेर तुझं ते पत्र आलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं, आता कबूल करतो. मी स्टॅम्पपेपर आणून ठेवला होता आणि तू लिहितेस की कागद नको, समिती म्हणेल म्हातारा पोरीला वाचवतो आहे. चूक पुन्हा करून दाखवायची. तीच शेड, तसेच ताजे दाणे, तीच खिडकी, तेवढीच माणसं, फक्त या वेळी आत येणाऱ्या हवेवर मीटर. मी मनात म्हटलं, पुण्याची हवा लागली पोरीला. चूक झाकायला लोक काय काय करतात, आणि ही पुन्हा मांडून दाखवते.

पण लोक जमवणं काय सोपं होतं? 'रविवारी या, दीड तास बंद खोलीत बसा,' असं सांगितल्यावर लोक आधी माझ्याकडे पाहायचे, मग लीलाबाईकडे. उकंडा म्हणाला, "नुसतं बसाचं अन् श्वास घ्याचा? हे तं माया जावयालेही जमते." तरी सगळे आले. तुझ्यावर आळ आहे हे कळल्यावर दालमिलचे हमाल तर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आले.

शनिवारी खिडकी उघडी ठेवून घेतलेले पन्नास तू पाहिलेसच. रविवारी मी यादी घेऊन दारात उभा, नावं वाचून एकेकाला आत सोडतोय, चोवीस पुरे झाले आणि मी दार लावायला निघालो. तू म्हणालीस, "सहा कमी आहेत, काका." मी म्हटलं, यादी आहे माझ्याकडे. तू माझ्याशी वाद घातला नाहीस. लीलाबाईकडे वळलीस आणि विचारलंस, त्या दिवशी प्रसाद कोणी केला होता.

ती काय म्हणाली ते आता लाइनभर झालं आहे. "आमी पाच जणी होतो, अन् गंगीची सासू. पोत्याईवर बसलो होतो मागं, शिरा वाटत." मग माझ्याकडे पाहून, "आमी काय श्वास घेत नाही का?"

मी ४३ वर्षं या बाईसोबत राहतो आहे. ती त्याच खोलीत, माझ्या पाठीमागे दीड तास बसली होती, तिच्या हातचा शिरा मी खाल्ला, आणि माणसं मोजताना मला ती दिसली नाही. इतर पाच जणीही दिसल्या नाहीत. तुला पुण्यातून दिसल्या. तुला त्यांची नावं माहीत नव्हती, तुझ्या आकड्यात मात्र त्या होत्या. माझ्या यादीत नव्हत्या.

सहाही जणी उठून आत गेल्या आणि पुन्हा त्याच पोत्यांवर बसल्या. समितीने पाहायला पाठवलेले ते नागपूरचे गृहस्थ कुतूहलाने आत यायला निघाले तेव्हा तू त्यांना दारातच अडवलंस आणि म्हणालीस, सर, तुम्ही आलात तर एकतीस होतील. ते बाहेर कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. मोठ्या माणसाला असं सांगताना तुझा आवाज जराही हलला नाही. मी आतून ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

आत काय झालं ते तुला माहीत नाही, तू बाहेर मीटरवर होतीस. दिवा लावला होता, आरती झाली, पण मग एरवीसारख्या गप्पा होईनात. सगळे एकमेकांकडे पाहत श्वास घेत होते. अर्ध्या तासाने उकडायला लागलं. एक हमाल म्हणाला, मॅडमसाठी जरा जोरात घ्या, आणि उकंडा त्याच्यावर खेकसला की येतो तेवढाच घे, नाही तर हिशेब चुकेल. तेव्हा मला कळलं की या लोकांना तुझं काम समजलं आहे. दाणा, अमाइन त्यांना समजत नसेल. पण आकड्याशी खेळायचं नाही, एवढं त्यांना तुझ्याकडे पाहूनच समजलं आहे.

दुपारनंतर दाणे तापवले आणि अठ्ठ्याहत्तर आले. त्या गृहस्थांनी आकडा वहीत उतरवून घेतला. मग चष्मा काढून तुला म्हणाले की त्यांनी बत्तीस वर्षांत अशी चौकशी पाहिली नाही. ऐंशीचा आकडा मागे घ्यावा लागेल, पण तो बनवलेला नव्हता हे ते लिहून देतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू वाजवल्या नाहीस. तू नळाला हात लावून उभी होतीस.

बस स्टँडवर मी तुझी पिशवी धरून उभा होतो. अर्धा तास मी शब्द जुळवत होतो. शेवटी एवढंच म्हणालो, की मार्चमध्ये तू माझ्यावर संशय घेतलास त्यात तुझं काही चुकलं नव्हतं.

तू म्हणालीस, "तुमच्यावर नव्हता घेतला, काका. तुमी नाही म्हटलं, मी खरं धरलं. म्हणून मंग संशय माया स्वतःवरच आला. सव्वा वर्ष मले वाटे का माया हातूनच काही तरी झालं, अन् मलेच आठवून नाही राह्यलं."

गाडी लागली आणि तू चढलीस. मी पिशवी खिडकीतून दिली. घरी येऊन लीलाबाईला सांगितलं आणि सांगता सांगता रडलो. तू मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या. माझ्या एका 'नाही'वर तू विश्वास ठेवलास, आणि त्यापायी स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास घालवलास, हे मला माहीतच नव्हतं. क्षमा माग म्हणतात, पण एवढ्याची मागायची कशी ते मला येत नाही. मागतो आहे एवढं खरं.

नानाजी


लोहारा
२७ सप्टेंबर २०२५

निशिगंधा,

तू पाठवलेला मसुदा मिळाला. इंग्रजी होता म्हणून पूनमसिंगला बोलावलं. त्याने दोनदा मराठी करून वाचून दाखवला, कोट काढून.

चांगला लिहिला आहेस. तुझं लिहिणं म्हणजे विनाकारण एक शब्द नाही. ऐंशीचा आकडा मागे घेते, खरा आकडा पन्नास आहे, नवे दाणे कधीच जास्त धरत नव्हते, माझा तो निष्कर्ष चुकीचा होता. येणारी हवा न मोजणं ही पूर्णपणे माझी चूक. सगळं वाचून झाल्यावर पूनमसिंग म्हणाला की असं पान छापणारी माणसं त्याने बोटावर मोजण्याएवढी पाहिली आहेत. आणि त्याने हेही सांगितलं की चीक घालून बांधलेले दाणे पन्नास धरतात हीसुद्धा साधी गोष्ट नाही, परदेशातल्या त्या दोघांनी आता तसेच दाणे बनवायला घेतले आहेत. हे तू मला सांगितलं नव्हतंस. स्वतःचं चांगलं सांगायला तुला कोणी तरी शिकवलं पाहिजे.

पण शेवटून तिसरं वाक्य मला मान्य नाही. 'लेखिकेच्या अनुपस्थितीत एका कामगाराने अनवधानाने नळी आत घेतली.' मी पूनमसिंगला विचारलं, अनवधानाने म्हणजे काय? त्याने सांगितलं, लक्ष नसताना. माझं लक्ष होतं. तू नको म्हणाली होतीस हे मला माहीत होतं, आणि नळी हातात घेताना ते मला आठवतही होतं. आणि हा 'एक कामगार' कोण? त्याला काही नावगाव आहे की नाही? तू मला सांभाळून घेते आहेस हे कळतं. तू लोकांना सांभाळून घेणारीच आहेस, आईला, पूनमसिंगला, मला. तुझ्यासारखं माणूस माझ्या वर्कशॉपात चार वर्षं येऊन बसलं याचा मला किती अभिमान आहे ते मला लिहिता येणार नाही. पण हे सांभाळणं मला नको. अशा वाक्याने पुन्हा सगळा भार तुझ्यावरच राहतो, आणि मी मार्चमध्ये जसा दडलो होतो तसाच कागदावरही दडून राहतो.

दाणे तुझे आहेत. पन्नासही तुझे आहेत, पुढे साठ होतील तेही तुझेच. त्यात मला काही नको, एक ओळसुद्धा नको. चुकीत मात्र माझा वाटा आहे आणि तो मी मागतो आहे. वाक्य असं लिही, पूनमसिंग त्याचं इंग्रजी करून देईल:

'लेखिकेने स्पष्ट मनाई केलेली असताना नानाजी उद्धवराव भोयर, फिटर, राहणार लोहारा, जिल्हा यवतमाळ, यांनी नळी आत ओढून खिडकी लावली, आणि लेखिकेने विचारल्यावर ते खोटं बोलले.'

मी खाली सही करून पाठवतो आहे. यातला एकही शब्द कमी करू नकोस.

तुझा,
नानाकाका